सातमाशी मुले आणि स्पर्शाचा इतिहास

आपल्या इतिहासकारांनी राजांच्या जन्मतिथींवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. जन्मलेले मूल पहिल्यांदा कोणाच्या हातात पडले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर अडचणीचे ठरले असते. आमच्या भागात सुईण मांगवाड्यातून येत असे. पाटलाची सून अडली की रात्री-अपरात्री मांगवाड्यात माणूस धाडला जाई, आणि जिच्या सावलीचा एरवी विटाळ होई ती बाई थेट बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसे. रक्ताने माखलेल्या त्या ओल्या जिवाला जगातला पहिला स्पर्श तिचा. नाळ ती कापी, वार ती पुरी, पहिले न्हाणे ती घाली. घरात सोयर असे, म्हणजे घरच तेवढ्या दिवसांपुरते विटाळलेले असे. विटाळलेल्या घराला विटाळलेली बाई चालते, असा तो हिशेब. बाराव्या दिवशी घर शुद्ध झाले की सुपातले धान्य, खोबऱ्याची वाटी आणि जुने लुगडे घेऊन ती उंबऱ्याबाहेर. तिने ज्याला जगात आणले तेच पोर कळते झाले की तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला शिके.

माझी आजी अशी सुईण होती. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या पोराला ती कापसात गुंडाळी आणि बाळंतिणीच्या उघड्या छातीवर ठेवून वरून लुगड्याचे दोन पदर घेई. आईला ग्लानी आली तर आत्या, मावशी, थोरली जाऊ, जी मोकळी असेल तिच्या छातीवर ते पोर जाई. दूध कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब. सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही, अशी एक समजूत तिचीही होती, आणि ती साफ चूक होती. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा मुलाला जगण्याच्या जवळ नेतो. कापसातली तिची किती पोरे जगली याचे रजिस्टर नाही. पुष्कळ मेली असावीत. पूर्वजांचे सगळे ज्ञान थोर होते असे म्हणणाऱ्यांची पंगत दुसरीकडे बसते, तिथे मला जेवायचे नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की ऊब माणसाच्या अंगातून येते, हे तिला ठाऊक होते.

१८८५ साली लेडी डफरीन फंड निघाला, १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल उघडले. त्याच १८८६ साली आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. त्या मुलीच्या जिद्दीबद्दल आणि चौदाव्या वर्षी तिने गमावलेल्या दहा दिवसांच्या बाळाबद्दल मनात आदरच आहे. पण शास्त्र आर्यांचे आणि हात मांगिणीचे, ही वाटणी कोणालाच खटकली नाही. पुढे १९२७ साली कॅथरीन मेयोने ‘मदर इंडिया’त दाईच्या घाणेरड्या हातांचे तपशीलवार वर्णन केले. देशभर संताप उसळला तो देशाच्या अब्रूसाठी. दाईसाठी कोणी संतापल्याचे माझ्या वाचनात नाही. तिला साबण, पाणी आणि शिक्षण कोणी नाकारले, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात बाजूलाच राहिला.

हे सारे पुन्हा तपासण्याची वेळ माझ्यावर २०२३ च्या डिसेंबरात आली. माझी जुळी मुले एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. मुलगी ११८० ग्रॅम, मुलगा १४२० ग्रॅम. एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात ती ४१ दिवस होती. आमच्याकडे त्याला कक्ष कोणी म्हणत नाही. ‘पोरं पेटीत ठेवलीत’ असे म्हणतात. मनगटावरच्या पट्टीवर मुलांचे नाव नव्हते. आईचे नाव, पुढे एक आणि दोन. बाप नाही, आडनाव नाही. दुसऱ्या दिवशी जननी सुरक्षा योजनेच्या कागदांसाठी जातीचा दाखला लागला तेव्हा जात दारात आली. तोवरचे काही तास माझी मुले फक्त त्यांच्या आईची होती.

नातेवाइकांचा फोन आला की पहिला प्रश्न, मुलगा कसा आहे? वास्तविक धोका मुलीला होता. ती श्वास घ्यायला विसरत असे. यंत्र ओरडे, सिस्टर हात घालून तिच्या तळपायावर हलकी टिचकी मारी, आणि पोरगी दचकून पुन्हा जगायला लागे. एवढी यंत्रे, एवढ्या नळ्या, आणि शेवटी बोटाची एक टिचकी. आम्ही हे दाराच्या गोल काचेतून पाहत असू. आत जायची वेळ ठरलेली, आईला दोनदा, बापाला एकदा, तीही सिस्टरच्या मर्जीवर. मी इतिहास शिकवणारा माणूस. व्हरांड्यात बसून मला एकच प्रश्न छळू लागला. आई आणि मूल यांच्यामध्ये ही काच आली कुठून?

ती पॅरिसहून आली. तिथल्या मातेर्निते या प्रसूतिगृहाचे डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी १८७८ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तसलेच यंत्र मुलांसाठी करवून घेतले. १८८० नंतर ते वापरात आले. लाकडी खोके, खाली गरम पाणी, वरच्या कप्प्यात मुले. दोन हजार ग्रॅमांखालील मुलांचे मृत्यू शेकडा ६६ वरून ३८ वर आले. लक्षात घ्या, ही मुले राजवाड्यातली नव्हती. मातेर्निते हे गरीब, निराधार, पुष्कळदा अविवाहित बायांचे रुग्णालय. १८९३ साली तिथे अशक्त मुलांचा स्वतंत्र विभाग उभा केला तो मुख्य सुईण मादाम आंरी हिने. तिथे सुईण विभागप्रमुख झाली. इथे तिला विहिरीवर चढता येत नव्हते.

तार्निएंचे शिष्य पिएर ब्युदें यांना एक गोष्ट दिसली. मुले वाचत होती, पण दूर ठेवलेल्या आया हळूहळू येईनाशा होत. काही जणी मूल टाकूनच देत. ब्युदेंनी आयांना जवळ ठेवले, अंगावर पाजायला लावले, आणि १९०० साली पुस्तक लिहून ते सांगितले. म्हणजे यंत्राने मूल वाचते आणि यंत्रामुळेच आई तुटते, हे ज्ञान सव्वाशे वर्षांचे आहे. ते पुढे सोयीस्करपणे गहाळ झाले.

गहाळ होण्याची जागा मोठी विचित्र आहे. १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पेटीतली खरी मुले तिकीट लावून दाखवली गेली. मार्टिन कौनी नावाच्या गृहस्थाने हा खेळ अमेरिकेत नेला. १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत, पाळणे आणि हत्तींच्या शेजारी, त्याचे मुलांचे दालन होते. तिकीट पंचवीस सेंट. याची डॉक्टरकी खरी की खोटी याबद्दल आज संशय आहे. पण ज्या मुलांना रुग्णालये घेत नव्हती त्यांना तो घेई, काळी-गोरी पाहत नसे, आणि पालकांकडून एक सेंट घेत नसे; खर्च तिकिटातून निघे. साडेसहा हजार मुले वाचवल्याचा त्याचा दावा होता. हे वाचून हात जोडावेसे वाटतात तोच दुसरी नोंद पुढे येते. याच कोनी आयलंडवरच्या लुना पार्कमध्ये १९०५ साली फिलिपिन्सच्या इगोरोत आदिवासींचे खोटे गाव वसवून त्यांनाही तिकीट लावून दाखवले होते. दुबळ्याला जगू देतो, पण बघ्यांच्या नजरेखाली! ही अट आपल्याला अनोळखी नाही.

जत्रेतून पेटी रुग्णालयात स्थिरावली. जंतूंच्या भीतीने आयांना बाहेर काढले गेले. ती भीती खोटी नव्हती, एवढे मान्य केले पाहिजे. पण यंत्रावर एकदा श्रद्धा बसली की तीही अंध होते. १९४० नंतरच्या दशकात पेट्यांत भरमसाट प्राणवायू सोडला गेला आणि १९५४ च्या सुमारास कारण नक्की होईपर्यंत जगभर सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली. १९५० साली मिशिगनमध्ये सहा आठवडे आधी जन्मलेले एक काळे पोर त्यांतलेच. पुढे जगाने त्याला स्टीव्ही वंडर म्हणून ऐकले. आमच्या मुलांचे डोळे चौथ्या आठवड्यात तपासले गेले. त्या तपासणीमागे ही हजारो मुले उभी आहेत. बायकोने डोळ्यांत औषध घालताना तोंड फिरवले, मी मात्र पाहत राहिलो.

आता दुधाविषयी, कारण त्या ४१ दिवसांत आमच्या घरातले सर्वांत मोठे काम तेच होते. बापाचे काम धावपळीचे; आईचे काम दर दोन तासांनी, रात्री दोन आणि चार वाजताही, स्टीलच्या वाटीत दूध पिळण्याचे. पहिल्या दिवशी चिकाचे काही थेंबच निघाले. ते सिरिंजमध्ये ओढून नळीवाटे दोघांत वाटले. मुलीला दोन मिलिलिटर. दोन मिलिलिटर म्हणजे पळीभरही नव्हे. पाचवीला आमच्याकडे सटवाई पुजतात, ती कपाळी लिहून जाते म्हणतात. आमच्या पाचवीला मुलीच्या तक्त्यावर १०९० लिहिले होते. पहिल्या दिवसांत वजन उतरतेच, असे सिस्टरने समजावले. माझ्या सासूबाईंना ते पटले नाही.

जुळ्यांना दूध पुरेना तेव्हा दूधपेढीचे दूध आले. ही पेढी म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात, धारावीच्या उशाला, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या बाईला दूध जास्त ती देते. तिची तपासणी होते. मग अनेकींचे दूध एकत्र करून साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवतात आणि गोठवतात. ‘एकत्र करून’ या दोन शब्दांवर थोडे थांबा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेब आणि हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, तर ते तळे गायीचे दूध, दही, शेण, मूत्र ओतून शुद्ध करण्यात आले. त्यानंतर बासष्ट वर्षांनी त्याच कोकणपट्टीच्या तोंडाशी, मुंबईत, मराठणीचे, मांगिणीचे, मुसलमानिणीचे, ब्राह्मणीचे दूध एका भांड्यात ओतले जाऊ लागले, आणि ते वेगळे करण्याची रीत कोणत्याच शास्त्रात नाही. कोणी सत्याग्रह केला नाही, कोणाचे डोके फुटले नाही. जातिअंताच्या आपल्या चर्चांत या भांड्याला जागा मिळायला हवी होती.

जात गप्प बसते असे मात्र नाही. आमच्या शेजारच्या पाळण्याची आजी, गळ्यात तुळशीची माळ, मोठी मायाळू बाई. तिने सिस्टरला हळूच विचारले, “हे दूध कुणाचं गं बाई?” सिस्टर तिच्याकडे न बघता म्हणाली, “आईचं.” आजीने पुन्हा विचारले, “कंच्या आईचं?” सिस्टरने उत्तर दिले नाही, नळी उंच धरली आणि दूध खाली उतरू लागले. आजी उतरणाऱ्या दुधाकडे पाहत राहिली. तिच्या नातवाचे वजन दुसऱ्या दिवशी वाढले होते आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

काचेचा इतिहास उलटला तो श्रीमंत देशांत नव्हे. १९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोता इथल्या गरिबांच्या प्रसूतिगृहात डॉ. एद्गार रेय यांच्याकडे पेट्या कमी आणि मुले जास्त होती. एका पेटीत दोन-तीन मुले, जंतुसंसर्ग आणि मृत्यू. त्यांनी मूल आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, उभे बांधले. डॉ. एक्तोर मार्तिनेस त्यांना पुढल्या वर्षी येऊन मिळाले. मुले गरम राहिली, प्याली, जगली. कांगारूची पद्धत असे तिचे नाव पडले. अनेक वर्षे हा गरिबांचा उपाय आहे, पेटी परवडत नाही त्यांच्यासाठी ठीक, असेच बडे लोक म्हणत. इकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले; मूल तोलणे, उबदार पिशवीत ठेवणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे. तिथे नवजात मृत्यू शेकडा ६२ नी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ज्या हातांना शंभर वर्षे घाणेरडे म्हटले, त्याच खेड्यातल्या बायकांच्या हातांत प्रशिक्षण दिल्यावर काय होते, त्याचा हा पुरावा आहे.

शेवटचा पुरावा २०२१ चा. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत ३२११ मुलांवर तुलना झाली. स्थिर झाल्यावर आईकडे देण्याऐवजी जन्मल्या क्षणापासून आईच्या अंगावर ठेवली तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर आले. पाचही देश एकेकाळच्या गुलाम वसाहती, हेही लिहून ठेवतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच शिफारस सगळ्या जगाला केली. माझ्या आजीला याचे श्रेय देण्याचा मोह मी टाळतो. तिने मोजले नव्हते, यांनी मोजले. विज्ञान त्यालाच म्हणतात.

या शिफारशीचा अर्थ असा की आईची खाट नवजात कक्षाच्या आत पाहिजे. आमच्या रुग्णालयात खाट नव्हती, प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या होत्या आणि आया एकोणीस. पंधराव्या दिवसापासून पाळीपाळीने खुर्ची मिळू लागली. जुळी असल्याने मुलगा आईला आणि मुलगी मला. शर्टाची बटणे काढून ती पहिल्यांदा छातीवर ठेवली तेव्हा वजनच जाणवले नाही; फक्त ऊब, आणि थोड्या वेळाने तिचा श्वास माझ्या श्वासाच्या लयीत येऊन बसल्याचे जाणवले. त्या तासात यंत्र एकदाही ओरडले नाही. बाहेरून एक गृहस्थ म्हणाले, “मास्तर बाळंत झाले.” होऊ दे.

आईला कक्षाबाहेर ठेवण्याची किंमत आपण मोजलेली आहे. १९११ साली कोनी आयलंडचे ड्रीमलँड जळाले तेव्हा पेट्यांतली सगळी मुले उचलून बाहेर काढली गेली. ती जत्रेतली मुले होती. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. सात मुले वाचवली, दहा गेली. कोणाची मुले सरकारी कक्षात असतात, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको.

आणि खाट आत ठेवली तरी तिच्यावर बसायला आईजवळ दिवस हवेत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि मालकानेही आपला वाटा द्यावा. हे बोलणाऱ्या माणसाने दोनच वर्षांपूर्वी राजरत्न गमावला होता. त्यांची आणि रमाईंची चार मुले लहानपणीच गेली. १९२९ ला मुंबईत कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने देशभर बारा आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस. माझी बायको नोकरीत आहे, तिला ते मिळाले; त्यांतले सहा मुलांना घरी आणण्याआधीच संपले, कारण मूल आठवडे आधी आले तर वेगळी रजा द्यावी असे या दुरुस्तीत कुठे नाही. ब्रिटनने २०२५ च्या एप्रिलपासून अशा मुलांच्या आईबापांना बारा आठवड्यांपर्यंत जादा रजा दिली आहे. आपल्याकडे त्याची मागणीही ऐकू येत नाही.

आमच्या रांगेतली एक आई ऊसतोडीच्या तळावरून आली होती. कोपीतच बाळंत झाली, मूल १२५० ग्रॅम. वय विचारले तर वीस म्हणाली, दिसायला सतराची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांच्या नावावर मुकादमाची उचल. बाई गेली की कोयता अर्धा होत नाही, मोडतो, आणि दर दिवसाचा खाडा पडतो. साखर कारखाना म्हणतो आमच्या पटावर ती नाही, मुकादम म्हणतो मी मालक नाही. तिला द्यायची रजा कोणत्याच वहीत नव्हती. अकराव्या दिवशी ती गेली. जाताना तिने सासूला खुर्चीत बसवले, मूल स्वतःच्या हाताने तिच्या छातीला बांधले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. सासूने ते पोर वीस दिवस धरले. आई दोन-तीन दिवसांनी उसाच्या ट्रॅक्टरवरून रात्री येई, व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध पिळी आणि पहाटेच्या गाडीने परत जाई. कक्षातल्या तक्त्यावर मुलाचे वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमांनी चढत होते. खाड्यांची वही मुकादमाकडे होती; तिचा हिशेब उचलीत धरून पुढच्या हंगामावर गेला, असे तिच्या नवऱ्याने मला सांगितले.